घरच्या ध्वनिमुद्रणासाठी सॉफ्टवेअर निवडताना

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित करावयास बसले, तेव्हा गायिकेने एका मोठ्या भोंग्याच्या तोंडाशी येऊन, खड्या आवाजात आणि तबकडीच्या एका बाजूला मावेल अशा सुमारे तीन मिनिटांच्या मुदतीत राग आटोपता घ्यावा, अशी त्या यंत्राची शर्तच होती. पुढे चुंबकीय फीत आली, तिच्यावर शेजारी शेजारी अनेक आवाज स्वतंत्रपणे साठविण्याची युक्ती साधली, आणि तरीही १९६७ साली बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ ही जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली ती चार ट्रॅकांच्या फितीयंत्रांवरच. १९७९ मध्ये टास्कॅम या जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे पोर्टास्टुडिओ हे यंत्र बाजारात आणले आणि ही विद्या प्रथमच स्टुडिओच्या दारातून बाहेर पडून सामान्य माणसाच्या खोलीत आली. आज एखाद्या मध्यम प्रतीच्या लॅपटॉपवर, एक पैसाही खर्च न करता, चाराऐवजी चाळीस ट्रॅक मांडता येतात. आणि नेमकी येथेच नवशिक्याची पंचाईत होते, कारण साधनांची टंचाई असताना न पडणारा प्रश्न, म्हणजे यांतले घ्यावे कोणते, हा आता त्याच्यापुढे उभा असतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा गुणांच्या याद्या जुळवून देण्यात येते: अमुक सॉफ्टवेअरात इतके इफेक्ट, तमुकात इतकी वाद्ये. मला ही पद्धत निरुपयोगी वाटते. घरी गाणाऱ्या किंवा वाजविणाऱ्या माणसाने आधी स्वतःच्या गाण्याकडे पाहावे, आणि ते बैठकीचे आहे की थरांचे, एवढाच निवाडा करावा. तानपुरा लागला आहे, संवादिनी आणि तबला साथीला आहेत, आणि ख्याल असो, अभंग असो वा नाट्यपद, ते आरंभापासून अखेरपर्यंत एका दमात गाइले जाणार आहे. हे बैठकीचे गाणे. याउलट, आधी गिटारचा ठेका, मग त्यावर कीबोर्ड, मग मुख्य आवाज आणि शेवटी त्याच आवाजाने स्वतःलाच दिलेली साथ, अशा रीतीने जे एकावर एक रचत न्यावयाचे ते थरांचे गाणे. या दोहोंना लागणारी साधने निराळी आहेत, आणि पहिल्या प्रकारच्या माणसाने दुसऱ्या प्रकारचे अवजड सॉफ्टवेअर संगणकावर चढवून घेतले, की आठवडाभरात त्याचा उत्साह मावळतो असा अनुभव आहे.

बैठकीच्या गाण्याला ऑडॅसिटी पुरते, किंबहुना पुरून उरते. १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी हे काम आरंभिले आणि पुढल्या वर्षी ते लोकांच्या हाती दिले. ते मोफत तर आहेच, शिवाय त्याचा मूळ संकेत कोणालाही पाहण्याची व त्यात फेरफार करण्याची मुभा देणाऱ्या खुल्या परवान्याखाली आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. लाल बटण दाबावे, गावे, थांबावे. मग पडद्यावर उमटलेल्या लहरीतला खोकल्याचा तुकडा निवडून कापावा, आरंभीचा स्तब्धतेचा भाग छाटावा, झाले. त्याचा चेहरामोहरा जुनाट आहे अशी तक्रार ऐकू येते. मला तो दोष वाटत नाही, कारण त्यावर नजर फिरविली की कोणते बटण काय करते हे बहुतेक उमगते.

मात्र ऑडॅसिटीतील एका सोयीविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या संगीताशी तिचे थेट भांडण आहे. पंख्याची घरघर काढण्यासाठी त्यात नॉइज रिडक्शन आहे. त्याची रीत अशी, की गाणे नसलेला, केवळ खोलीचा आवाज असलेला काही सेकंदांचा भाग प्रथम निवडावयाचा आणि तो सॉफ्टवेअरला नमुना म्हणून द्यावयाचा. मग त्या नमुन्याशी जुळणारे आवाज ते सर्व मुद्रणातून कमी करते. आता आपल्या घरी काय घडते? गायक आधी तानपुरा किंवा त्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र सुरू करतो, सूर मनाजोगा लागला की मगच मुद्रणाचे बटण दाबतो. तेव्हा ज्याला रिकामी जागा म्हणून निवडावे त्यातही तानपुरा झंकारतच असतो, आणि यंत्राच्या दृष्टीने तो अखंड, एकसारखा नाद म्हणजे पंख्याचाच भाऊबंद ठरतो. परिणामी पंख्याबरोबर षड्जपंचमही पुसट होतात आणि गळ्याला एक पाणचट, धातूसारखी झाक येते. उपाय सोपा आहे: बटण आधी दाबावे, दहा सेकंद सर्वांनी निःशब्द बसावे, आणि मग तानपुरा सुरू करावा. त्याहून बरे म्हणजे तानपुरा हेडफोनमध्ये ऐकत गावे आणि तो निराळ्या ट्रॅकवर स्वतंत्र मुद्रित करावा, म्हणजे त्याची पातळी मागाहून हवी तशी ठेवता येते. परदेशातील ज्या शिष्यांना पुण्या-मुंबईच्या गुरूंकडून झूमवर तालीम मिळते, त्यांना हाच अनुभव निराळ्या वाटेने आलेला असतो. तेथेही गोंगाट दाबणारी यंत्रणा तानपुऱ्याला गोंगाटात जमा करते, आणि तिला आवरण्यासाठी ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय चालू करावा लागतो.

थरांचे गाणे रचणाऱ्यापाशी मॅक किंवा आयफोन असेल, तर त्याला शोधाशोध करण्याचे कारण नाही. अॅपलने २००४ साली आणलेले गॅरेजबँड तेथे विनामूल्य मिळते, त्यातील आवाज चांगले असतात, आणि पहिल्या संध्याकाळीच काहीतरी ऐकण्याजोगे हाती लागते. विंडोजवाल्यांसाठी माझे मत रीपरच्या बाजूने पडते. नव्वदीच्या अखेरीस ज्यांनी संगणकावर विनॅम्पमध्ये गाणी ऐकली, त्यांना हे सांगावयास हरकत नाही, की विनॅम्पचे कर्ते जस्टिन फ्रँकेल हेच रीपरचे कर्ते. त्याचा परवाना एखाद्या समंजस सावकाराच्या दस्तऐवजासारखा आहे: ६० दिवसांची मुदत, त्या मुदतीत कोणतीही सोय रोखलेली नाही, आणि पुढे वैयक्तिक वापरासाठी ६० डॉलर एकदाच भरावयाचे. जेथे इतर अनेक कंपन्या मासिक वर्गणीचा फास गळ्यात अडकवू पाहतात, तेथे ही तजवीज मला सभ्यपणाची वाटते. रीपर शिकावयास गॅरेजबँडपेक्षा कठीण आहे, हे मात्र लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यात तयार वाद्यांचा साठा जवळजवळ नाही आणि पहिले दोन दिवस मेनूंच्या जंगलात जातात. ब्राउझरमध्ये किंवा फोनवर चालणारे बँडलॅब हे मोफत साधन, एकाने पुण्यात संवादिनी वाजवावी आणि दुसऱ्याने लंडनमध्ये त्यावर गावे, अशा कामासाठी उत्तम. मायक्रोफोन जोडण्याच्या पेटीबरोबर, म्हणजे ऑडिओ इंटरफेसबरोबर, एबलटन लाइव्हची लहान आवृत्ती पुष्कळदा फुकट येते. ती मिळाली असेल तर वापरून पाहावी, केवळ तिच्यासाठी पेटी घेऊ नये.

यांपैकी बहुतेक सॉफ्टवेअरांत नवे पान उघडताच लय मिनिटाला १२० ठोके आणि मात्रा चाराच्या गटांत, असा कारभार आधीच ठरलेला असतो. भावगीताला, चित्रपटगीताला त्याने अडत नाही. पण रूपक घ्या. मात्रा ७ करता येतात. रीपरमध्ये झपतालाच्या १० देखील विनासायास लिहिता येतात. तरी मेट्रोनोम जाणतो तो केवळ आघात, आणि पहिल्या मात्रेवर तो मोठ्याने टिक् करतो. रूपकात तर समेवरच खाली असते, म्हणजे जेथे तबल्याचा डावा मुका व्हावा तेथेच हे यंत्र ओरडते. विलंबित एकतालाची गोष्ट याहून अवघड, कारण तेथे एकेक मात्रा कित्येक सेकंद चालते आणि दोन टिक्-टिकींच्या मधल्या पोकळीत गवयाला धरावयास काही उरत नाही. अशा वेळी मेट्रोनोम बंदच करावा, तबल्याच्या अॅपमधील ठेका एका ट्रॅकवर मुद्रित करून घ्यावा आणि त्याच्या आधाराने गावे. सूर दुरुस्त करणाऱ्या सोयींविषयीही हेच. पाश्चात्त्य सप्तकाच्या बारा समान खणांत प्रत्येक स्वर खेचून बसविण्याचा हुकूम त्यांना दिला, तर मींडेचे तुकडे पडतात आणि तोडीतला कोमल गंधार आपली जागा सोडतो. घरच्या मुद्रणात ही सोय नसणे हाच मला लाभ वाटतो.

एक अडचण सर्वांनाच येते, ती विलंबाची. आवाज संगणकात शिरून हेडफोनमध्ये परत येईतो जो अल्प काळ जातो, तो सॉफ्टवेअरातील बफर या आकड्यावर पुष्कळ अवलंबून असतो: सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असताना बफर १२८ असेल तर त्यापायी जेमतेम ३ मिलिसेकंद जातात, १०२४ असेल तर सुमारे २३, आणि येताना व जाताना हा कर दोनदा भरावा लागतो. मुद्रण करताना बफर लहान ठेवावा, नंतर सर्व ट्रॅकांची जुळणी करताना मोठा करावा. विंडोजवर यासाठी स्टाइनबर्गची अॅसिओ पद्धत वापरणारा ड्रायव्हर लागतो, आणि तो इंटरफेसच्या कंपनीकडून मोफत मिळतो. ब्लूटूथ हेडफोन या कामात सर्वथा वर्ज्य समजावेत, कारण त्यांचा विलंब शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे सहज जातो, आणि त्यांचाच माइक वापरू लागल्यास आवाज टेलिफोनच्या दर्जावर उतरतो.

खर्चाची बाब येथे संपत नाही, परंतु तिचा रोख बदलतो. सॉफ्टवेअरवर वाचलेले पैसे एका बऱ्या माइकवर, वायरच्या हेडफोनवर आणि दोन जाड गोधड्यांवर घालावेत. फरशी व भिंती उघड्या असलेल्या खोलीत उत्तमात उत्तम माइकदेखील न्हाणीघराचा आभास निर्माण करतो, आणि तो घुमारा पुसणारे बटण स्वस्त सॉफ्टवेअरात तर सोडाच, महागातही समाधानकारक नसते. पातळी अशी ठेवावी, की सर्वांत उंच तान उणे सहा डेसिबलच्या खालीच राहील. माइक एक असेल तर मोनोतच मुद्रण करावे; २४ बिटांत त्याला मिनिटाला सुमारे ८ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे तासाभराची बैठक अर्ध्या गिगाबाइटमध्ये मावते.

राहता राहिली दप्तराची व्यवस्था. ऑडॅसिटीत ‘सेव्ह’ केल्याने जी फाइल बनते ती ऑडॅसिटीचीच असते, आणि ती व्हॉट्सअॅपवर मावशींना धाडली तर त्यांच्या फोनला तिच्यातून गाणे काढता येत नाही; त्यासाठी ‘एक्स्पोर्ट’ करून एम.पी.थ्री. बनवावी लागते. स्वतःच्या संग्रहासाठी मात्र डब्ल्यू.ए.व्ही. प्रतच ठेवावी, आणि थरांचे गाणे असेल तर प्रत्येक ट्रॅकची, आरंभबिंदूपासून, स्वतंत्र. केकवॉक हे एकेकाळी नावाजलेले सॉफ्टवेअर २०१७ च्या नोव्हेंबरात गिब्सन कंपनीने अकस्मात थांबविले. पुढील फेब्रुवारीत बँडलॅबने ते विकत घेतले आणि मागाहून मोफत केले, म्हणून त्याच्या ग्राहकांची वर्षानुवर्षांची गाणी उघडत राहिली. असा खरेदीदार दर वेळी पुढे येईलच असे नाही, आणि डब्ल्यू.ए.व्ही. फाइल उघडण्यासाठी त्याची गरजही पडत नाही.