चार टक्क्यांची चूल

गरीब वस्तीतल्या बायकांना उद्योजक कसं करावं, यावर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. संपादकांनी त्याच विषयावर लेख मागितला आणि मी लालबागची वाट धरली. गिरणगावातल्या बायकांना धंदा कुणी शिकवला नव्हता. नवरा आजारी पडला, कामावरून कमी झाला किंवा गेला, की खोलीतल्या चुलीवर चार माणसांचं जास्तीचं शिजू लागे आणि खाणावळ सुरू होई. अशा बायकांमधूनच १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. गरिबीला धंद्याने कुठवर उत्तर देता येतं हे पाहायचं, तर याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, वरळी, शिवडीपर्यंत गिरण्या पसरल्या आणि कोकण, सातारा, कोल्हापूरहून माणसं येत राहिली. बायकापोरं गावी, शेतीवर. इकडे एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळ्यांप्रमाणे आलटूनपालटून झोपायचे. एके काळी गिरण्यांत पाचांतली एक कामगार बाई असे. वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत त्यांचा भरणा होता. मग यंत्रं बदलली, बायकांना रात्रपाळीची बंदी आली, बाळंतपणाचा भत्ता द्यायला मालक नाखूश होते. सत्तरीपर्यंत गिरणीतल्या बायका नावापुरत्या उरल्या. गिरणीने बाहेर काढलेल्या अनेक जणी गिरणीच्याच माणसांना जेवू घालू लागल्या.

चाळीत मला एक मावशी भेटल्या. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, वय ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली. खाणावळ बंद होऊन वर्षं लोटली, पण हिशेब विचारला की त्यांचे डोळे लकाकतात. पहाटे नळ यायच्या आत उठायचं, पहिल्या पाळीचे डबे सूर्य उगवायच्या आधी भरायचे. दुपारी दुसऱ्या पाळीचे, रात्री रातपाळीचे. बुधवारी आणि रविवारी वशाट. मधल्या वेळात बाजार, निवडटिपण, भांडी. आणि या सगळ्याच्या वरताण ती वही.

त्या वहीने मला धरून ठेवलं. जेवणाऱ्याचं नाव, पुढे महिन्याचे दिवस, आणि जो दिवस जेवला नाही त्यावर फुली. ही फुली म्हणजे खाडा. महिनाअखेर खाडे वजा करून पैसे घ्यायचे. माणूस न सांगता नातेवाइकाकडे जेवून आला तरी त्याच्या वाटणीची भाकरी थापलेली असायची. खाडा त्याचा, नुकसान बाईचं. मावशींना लिहिता येत नव्हतं. "पोरगा दुसरीत व्हता, त्यो फुल्या मारायचा. मी नुसती बघायची, पण एक फुली जास्त पडली तर मला कळायची."

वहीतला खरा पेच मात्र खाड्यांत नव्हता. "जेवणारा पगाराला पैसं देणार. तांदूळ काय पगारापत्तुर थांबतोय?" मावशी म्हणाल्या. महिनाभर रोज शिजवायचं आणि पैसे एकदाच हातात यायचे. मधले तीस दिवस वाण्याच्या उधारीवर निघत. उधारीच्या गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही, देईल तो तांदूळ, सांगेल तो भाव. उधारी संपली की सावकार, आणि सावकाराकडे आधी भांडी, मग मंगळसूत्र. व्याज महिन्याला शेकडा दहा धरलं, तर दीड हजारावर वर्षाला अठराशे रुपये होतात. म्हणजे बाई राबणार वर्षभर, आणि मुद्दलापेक्षा जास्त पैसे सावकाराच्या पदरात पडणार. तिचं कसब, तिचे कष्ट, तिची नेकी, सगळं या एका फटीतून गळून जात होतं.

ही फट प्रेमाताई पुरव यांनी पाहिली. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेऊन मुंबईत आलेल्या, कम्युनिस्ट चळवळीत आणि कामगार संघटनेत मुरलेल्या या बाईंनी १९७४ चा बेचाळीस दिवसांचा गिरणी संप जवळून पाहिला होता. संपकऱ्यांना त्या दिवसांत खाणावळवाल्यांनी उधारीवर जेवू घातलं. संप मिटला, कामगार कामावर गेले, कर्ज बायकांच्या डोक्यावर राहिलं. संघटनेच्या यादीत या बायका कुठेच नव्हत्या, कारण त्या कुणाच्या नोकर नव्हत्या.

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि १९७२ पासून अगदी गरिबांसाठी सालीना चार टक्क्यांनी कर्ज देणारी सरकारी योजना होती. योजना होती, पण चाळीतली बाई बँकेच्या पायरीपर्यंत पोहोचत नव्हती. गहाण ठेवायला काही नाही, सही येत नाही, खोली दुसऱ्याच्या नावावर. प्रेमाताईंनी अर्ज भरून घेतले, बायकांना सोबत घेऊन बँकेत गेल्या, आणि तारण म्हणून एकमेकींचा शब्द पुढे केला. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात जाणार. बँक ऑफ बडोदाने पहिल्या चौदा जणींना प्रत्येकी दीड हजार रुपये दिले. बांगलादेशातल्या जोबरा गावी मुहम्मद युनूस यांनी पहिली छोटी कर्जं दिली ती पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये. जगभर नाव त्यांचं झालं. आपल्या लालबाग-परळच्या बायका आधीच्या, हे आपणही फारसं सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दीड हजारावर चार टक्के म्हणजे वर्षाचे साठ रुपये. कुठे अठराशे आणि कुठे साठ. या रकमेतून बाई तांदळाचं पोतं रोखीने घेऊ लागली, वाण्याशी भाव करू लागली, मंगळसूत्र सोडवू लागली. कर्ज फेडलं की पुढचं कर्ज. त्या बायकांमध्ये नवं काही घातलं नव्हतं. फक्त महिन्यातली ती तीस दिवसांची फट स्वस्त पैशाने बुजवली होती. पुढे मंडळाने स्वतःचं स्वयंपाकघर काढलं, कचेऱ्यांना जेवण पुरवलं, बायकांसाठी वसतिगृह उभारलं. प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. इथपर्यंतची गोष्ट मी कितीही वेळा सांगेन.

पण १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचं नेतृत्व, सुमारे अडीच लाख कामगार, आणि रीतसर कधीच मागे न घेतला गेलेला संप. पहिले काही महिने खाणावळवाल्यांनी पुन्हा उधारीवर वाढलं. मग जेवणारे गावी गेले, काही परत आलेच नाहीत. मावशींच्या वहीत तेव्हाची नावं आहेत, फुल्या आहेत, वसुली नाही. मी रकमेबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्येंच्याकडं तरी काय व्हतं, बाई?"

याच सुमारास नवऱ्याचं काम सुटलेल्या आणखी कितीतरी बायका पोळीभाजी, पापड, भाजीचा वाटा, असं काही ना काही घेऊन बसू लागल्या. चुली वाढल्या आणि जेवणारे घटले. स्वस्त कर्ज या ठिकाणी हतबल होतं. खाणावळ चालायची ती गिरणीच्या पगारावर. वस्तीतला पगारच आटला, की शेजारणी एकमेकींना किती पोळ्या विकणार? मंडळाची जी कामं टिकली ती वस्तीबाहेरचं गिऱ्हाईक मिळालं म्हणून. गरिबी वाढलेल्या वस्तीला उद्योजकतेचा मंत्र देणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा, असं मला कळकळीने वाटतं.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. तिथे काम करणारी तरुण मुलं भरपूर आहेत, त्यांना दुपारी भूकही लागते. पण त्यांचं जेवण मोबाइलवरून येतं आणि त्यातला मोठा वाटा मध्यस्थ कंपनीच्या कमिशनात जातो. आणि चार टक्के? छोट्या कर्जाचा धंदा कंपन्यांच्या हाती गेला. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाने कर्जदारांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या आल्या, सरकारला वटहुकूम काढावा लागला, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांच्या व्याजाला मर्यादा घातली ती २६ टक्क्यांची. २०२२ मध्ये तीही उठली. आता कुटुंबाचे सगळे हप्ते मिळकतीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत एवढा नियम आहे. निम्मी मिळकत हप्त्यांत गेली तर बाईने शिजवायचं काय? एकमेकींचा शब्द हे जे बायकांचं बळ होतं, तेच आता वसुलीचं हत्यार होऊन त्यांच्या दारात येतं.

प्रेमाताईंच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्यातल्या वस्त्यांमध्ये हे काम वेगळ्या रीतीने पुढे नेलं. कर्जाबरोबर बायकांचाच आरोग्य आणि जीवन विम्याचा निधी, मुलांसाठी पाळणाघर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मावशींची खाणावळही संपानंतर रडतखडत चालू होती. ती बंद पडली मावशींच्या आजारपणात. तीन आठवडे अंथरुणावर काढले तेवढ्यात उरलेले जेवणारे दुसरीकडे लागले.

महापालिकेच्या शाळा, रुग्णालयं, सरकारी कचेऱ्या यांच्या जेवणाची कामं वस्तीतल्या बायकांच्या गटांना मिळाली आणि बिलं वेळेवर निघाली, तर आजही कितीतरी चुली पेटतील. ते सरकारने करायचं आहे. आपल्या हातात आहे ते असं: तुमच्या घरी, कचेरीत किंवा मुलाच्या खोलीवर एखाद्या ताईंचा डबा येत असेल, तर महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला आगाऊ द्या आणि खाडा असेल तर आदल्या रात्री कळवा.