सालींचे खत आणि कुंडीतले लिंबू

लिंबू, मोसंबी, संत्रे, पपनस यांच्या साली खताच्या डब्यात टाकू नयेत, असा समज घरोघरी पक्का बसला आहे. साली आंबट, म्हणून मातीही आंबट होईल, अशी त्यामागची भीती असते. ती निराधार आहे. सालीतले आम्ल कुजण्याच्या क्रियेत सूक्ष्मजीवच संपवतात आणि पूर्ण मुरलेले खत फारसे आंबट राहत नाही. खरी अडचण सालीच्या रंगीत थरातल्या तेलाची. संत्र्याची साल बोटांत दुमडली की बारीक तुषार उडतात, ते हे तेल. त्याचा सुमारे ९० टक्के भाग लिमोनीन असते. पुष्कळ जिवाणूंना आणि बुरशींना ते मानवत नाही, आणि गांडुळे तर ताज्या सालींपासून दूरच राहतात. म्हणून साली कुजायला वेळ घेतात, पण कुजतात हे नक्की.

याचा मोठा दाखला कोस्टा रिकातला आहे. तिथल्या ग्वानाकास्ते भागात १९९०च्या दशकाच्या अखेरीस रसाच्या एका कारखान्याने सुमारे १२ हजार टन संत्र्याच्या साली आणि चोथा निकस झालेल्या ३ हेक्टर जमिनीवर पसरला. पुढे काम थांबले आणि जागा विसरली गेली. दीड दशकाने अभ्यासक तिथे गेले, तेव्हा शेजारच्या साली न टाकलेल्या जमिनीपेक्षा त्या तुकड्यावर कितीतरी दाट जंगल उभे होते.

घरच्या डब्याला इतका धीर धरावा लागत नाही. साली नखाएवढ्या चिरल्या की कुजणाऱ्या जिवांना शिरकाव मिळतो. ऊन असेल तर चिरलेल्या साली एक-दोन दिवस वाळवाव्यात, म्हणजे बरेचसे तेल उडून जाते. डब्यात सालींचा वाटा एकूण ओल्या कचऱ्याच्या चौथाईपेक्षा जास्त नको. त्यावर दुप्पट कोरडा माल हवा : पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा पिंजलेल्या नारळाच्या शेंड्या. विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक पुरते. चार-पाच दिवसांनी सालींवर निळसर-हिरवी भुकटीसारखी बुरशी दिसते. ती पाहून डबा ओतून देऊ नये, काम सुरू झाल्याची ती खूण आहे. आठवड्यातून एकदा खालीवर करावे. चिलटे झाली किंवा वास सुटला, तर ओल जास्त आहे असे समजून कोरडा माल वाढवावा. दोन-तीन महिन्यांत साल ओळखू येईनाशी होते आणि मातीचा वास येऊ लागतो. त्याआधी हे खत कुंडीत घालू नये. अर्धवट कुजलेला माल मुळांच्या वाट्याचा नत्र ओढून घेतो.

हे खत लिंबाच्याच कुंडीला उत्तम चालते. मात्र द्रोणागिरीत कुंडी भरताना जागेचा विचार आधी करावा लागतो. उरण तालुक्यातली ही सिडकोची वसाहत खाडीकाठच्या सखल पट्ट्यात भराव घालून उभी राहिली आहे. या पट्ट्यात पूर्वापार मिठागरे होती. लिंबूवर्गाला खार अजिबात सोसत नाही. म्हणून इमारतीभोवतालची माती किंवा खाडीची रेती कुंडीत घालू नये. दोन भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण चांगले. मातीवर पांढरी पापुद्री धरली किंवा पानांची टोके करपली, तर कुंडीच्या तळाच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतके गोडे पाणी एकदम द्यावे. खार धुऊन जातो.

जातीची निवड भावनेने करू नये. नागपुरी संत्र्याला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते विदर्भाच्या कोरड्या हवेचे आणि तिथल्या थंडीचे पीक आहे. गॅलरीसाठी कागदी लिंबूच बरे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली ‘साई सरबती’ ही खात्रीची जात आहे. बियांपासून वाढवलेले झाड फळायला बरीच वर्षे घेते, त्यामुळे कलम किंवा गुटी घ्यावी. कुंडी १८ इंचांपेक्षा लहान नको आणि रोज निदान पाच-सहा तास ऊन हवे.

पावसाळ्यात झाड मरते ते बहुधा साचलेल्या पाण्याने. रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनमध्येच कुंडीखालची ताटली काढून टाकावी. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्यावा, नाहीतर मुळे कुजतात, खोडातून डिंक ओघळतो आणि डिंक्या रोगाने झाड जाते. कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी अळी दिसली, तर ती लिंबाच्या फुलपाखराची. मोठी झाली की ती हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून केशरी शिंगे बाहेर काढते. दोन-चार झाडांसाठी औषध फवारण्याची गरज नाही, हाताने वेचणे पुरेसे असते. कढीपत्त्यावरही ती सापडते, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर जस्त किंवा लोहाची कमतरता असते. नुसत्या कंपोस्टने ती भरून निघेलच असे नाही, सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करावी.

कुंडीवाल्याला एक गोष्ट शेतकऱ्यापेक्षा सोपी जाते. उन्हाळ्यात लिंबे हवी असतील, तर हस्त बहार धरावा लागतो. त्यासाठी पावसाळा सरताना झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. शेतात ऐन ताणाच्या दिवसांत पाऊस येऊन बेत मोडतो. गॅलरीतली कुंडी छपराखाली सरकवता येते. ऑगस्टच्या अखेरीस पाणी तोडावे, पाने किंचित मलूल झाली की खत घालून पुन्हा पाणी सुरू करावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुले येतात आणि बाजारात लिंबू सर्वांत महाग असते त्या एप्रिल-मेमध्ये फळे तोडणीला येतात.