ओळंब्याला भाव कधी?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठले गेले नाही. २०२० च्या धोरणाने तर २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडविण्याचा संकल्प सोडला. आकडा वाढला, दृष्टी बदलली काय?

अपयशाचे खापर पालकांच्या पांढरपेशा वृत्तीवर फोडले जाते. परंतु बांधकामावर गवंड्याची मजुरी बहुधा मुकादम ठरवितो. तेथे शाळेच्या प्रमाणपत्राला कोण विचारतो? अशा स्थितीत मुलाला कारकुनीच्या वाटेला लावणे हा अडाणीपणा नव्हे, रोकडा हिशेब आहे. त्यातच ही शाखा कमी गुण मिळविणाऱ्यांची, असा शिक्का तिच्यावर बसला.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. त्यातून माध्यमिक शाळांसाठी सिद्ध झालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात. येथे गुणांवरून निवड नाही. ओळंबा धरताना गुरुत्वाकर्षण उमगते. काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी का मारावयाचे, हे समजून घेताना रसायनशास्त्र.

शाळेची गळकी गच्ची, पोपडे धरलेला गिलावा हीच प्रयोगशाळा होऊ शकेल. मात्र तेवढ्याने भागणार नाही. सरकारी बांधकामांच्या निविदांत प्रशिक्षित कारागिरांची आणि त्यांच्या वाढीव मजुरीची अट असली पाहिजे. कौशल्याला दाम न देता केलेला श्रमप्रतिष्ठेचा उपदेश गरिबांच्या मुलांपुरताच उरतो.