वीस संगणक आणि अडीचची वायर

शाळेतली 20 संगणकांची लॅब घेऊ. मॉनिटरसह एका संगणकाला 150 वॅट धरले, तर एकूण लोड 3000 वॅट. 3000 भागिले 230, म्हणजे 13 अ‍ॅम्पियर. एवढ्या हिशोबावर वायरिंग केले जाते आणि घात इथेच होतो. संगणकातल्या स्वस्त पॉवर सप्लायचा, म्हणजे एसएमपीएसचा, पॉवर फॅक्टर 0.65 च्या आसपास असतो. त्यामुळे वायरमधून प्रत्यक्षात 20 अ‍ॅम्पियर वाहतात.

आता बोर्डापासून लॅब 30 मीटर लांब आहे. फेज आणि न्यूट्रल मिळून 60 मीटर तार. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरमागे सुमारे 12 ओहम रोध असतो, म्हणजे इथे 0.73 ओहम. सगळा लोड टोकाला धरला तर 14.5 व्होल्ट वाटेतच जिरतात आणि 290 वॅटची उष्णता भिंतीतल्या पाइपात कोंडते. जवळजवळ दोन संगणकांची वीज!

उन्हाळ्यात गावात व्होल्टेज 190 वर येते, तेव्हा बल्ब मंद होतो, संगणक होत नाही. एसएमपीएसला ठरलेले वॅट हवेच असतात. व्होल्ट घटले की तो अ‍ॅम्पियर वाढवून घेतो. 20 चे 24 होतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळपास दीडपट होते. सॉकेटचा स्क्रू सैल असेल तर पहिला तोच तापतो. प्लगची पिन काळवंडते, भोकाभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडते. असा सॉकेट दिसला तर त्याच दिवशी बदलावा.

सौरऊर्जेवर थेट 12 व्होल्टने संगणक चालवायचा विचार असेल, तर हाच हिशोब आणखी कठोर होतो. 150 वॅटला 12.5 अ‍ॅम्पियर लागतात. बॅटरी 10 मीटरवर असली, तरी अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये 1.85 व्होल्ट जातात. 12 मधले 1.85! गूगलने सर्व्हरच्या रॅकसाठी 12 ऐवजी 48 व्होल्ट निवडले ते यासाठीच: प्रवाह चौथा हिस्सा, तारेतली हानी सोळावा.

लॅबसाठी माझे मत स्पष्ट आहे. पाच-पाच संगणकांची चार सर्किटे करा, प्रत्येकाला अडीचची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र न्यूट्रल द्या. मग प्रत्येक सर्किटमध्ये 5 अ‍ॅम्पियर, घट 2.2 व्होल्ट, आणि चारही सर्किटांची मिळून उष्णता 45 वॅटच्या आत. गळती दिसताच वीज तोडणारे आरसीसीबीही चार वेगळे हवेत. प्रत्येक संगणकाच्या फिल्टरमधून अर्थिंगकडे सुमारे 1 मिलिअ‍ॅम्पियर झिरपतो. वीस एकत्र आले की 30 मिलिअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी काही बिघाड नसतानाही पडू शकतो. मग कुणीतरी तो काढूनच टाकतो आणि मुले संरक्षणाविना बसतात.

काम ताब्यात घेण्याआधी वीसही संगणक सुरू करून वायरमनकडून बोर्डावरचे आणि शेवटच्या सॉकेटचे व्होल्टेज मोजून घ्या. फरक 5 व्होल्टपेक्षा जास्त निघाला, तर बिलावर सही करू नका.