पीसीएम की पीसीबी? सीईटीच्या ग्रुपविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहादा तालुक्यात साखर कारखान्याभोवती वसलेल्या पुरुषोत्तमनगरसारख्या गावात बारावी सायन्सच्या विद्यार्थ्यासमोर सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म आला की पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) घ्यावा की पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) याचे सल्ले चहूबाजूंनी येतात. बहुतेक सल्ले आपुलकीचे असतात. पण फॉर्म आपुलकीवर भरता येत नाही.

डॉक्टर व्हायचे तर सीईटीचा पीसीबी ग्रुप द्यावाच लागतो.

नाही. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेश नीट या देशपातळीवरील परीक्षेच्या गुणांवर होतात. नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याला अपवाद नाही. समज टिकून आहे, कारण पूर्वी राज्यातील वैद्यकीय प्रवेश सीईटीवर झालेले आहेत आणि विषयही तेच आहेत.

शेतीच्या पदवीला बायोलॉजी हवीच.

शेती म्हणजे झाडे, माती, कीड, म्हणून हे पटते. परंतु कृषी पदवीसाठी पीसीएम आणि पीसीबी हे दोन्ही ग्रुप चालतात. बी. फार्मसीलाही फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत गणित किंवा बायोलॉजी यांपैकी एक पुरते. उलट, केवळ राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयात जायचे म्हणून अकरावीत गणित सोडले, तर कृषी अभियांत्रिकीची वाट बंद होते. ऊसपट्ट्यात ठिबक, पंप आणि यंत्रांवर काम करू पाहणाऱ्यासाठी हे नुकसान मोठे आहे.

दोन्ही ग्रुप दिले की संधी दुप्पट.

दोन्ही ग्रुप देण्याची मुभा आहे, हे खरे. पण अभियांत्रिकीला फक्त पीसीएमचा स्कोअर चालतो. पीसीबीचा स्कोअर तिथे कितीही चांगला असला तरी उपयोगी नाही. दोन ग्रुपच्या परीक्षा वेगळ्या, निकाल वेगळे. पीसीएममध्ये गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे आणि वेळ ९० मिनिटे. पीसीबीमध्ये तेवढ्याच वेळात बायोलॉजीचे १०० प्रश्न. एकाला गती लागते ती आकडेमोडीची, दुसऱ्याला आठवणीची. ज्याला फार्मसी किंवा कृषीसाठी पीसीबीवर भर द्यायचा आहे आणि अभियांत्रिकीही खुली ठेवायची आहे, त्याने दोन्ही द्यावेत. बाकीच्यांची तयारी मात्र विभागली जाते.

पीसीबी सोपा, म्हणून त्यात पर्सेंटाइल जास्त मिळतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या सत्रातील किती उमेदवार आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवून गेले, याचे ते प्रमाण आहे. पेपर सोपा निघाला तर तो शेजारच्या बाकावरही सोपाच असतो. त्यामुळे सोपेपणाचा फायदा कुणाच्याच खाती जमा होत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, ही सवलतही सगळ्यांना सारखीच.

मराठी माध्यमाच्या मुलांना सीईटी इंग्रजीतच द्यावी लागते.

फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे प्रश्न मराठीतही मिळतात. गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. पीसीएम घेणाऱ्या मुलाने गणितातील इंग्रजी संज्ञांचा सराव अकरावीपासूनच करावा. अकरावीच्या अभ्यासक्रमावर सुमारे २० टक्के प्रश्न येतात, त्यांचीही तयारी त्यात होईल. भाषेचा पर्याय फॉर्म भरतानाच निवडायचा असतो, म्हणून फॉर्म सायबर कॅफेत भरला तरी तो रकाना पालकांनी स्वतः वाचावा.