मोटारसायकलची झडपयंत्रणा : झिजेचे निदान व दुरुस्ती

ग्रामीण भागात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ग्रामसेवकाची गावफेरी, शिक्षकाचे शाळेत जाणे, दूध उत्पादकाची सकाळची खेप ही सारी कामे तिच्यावर अवलंबून असतात. अशा वेळी इंजिनात कटकट आवाज सुरू झाला की, ‘इंजिनाचे काम काढावे लागेल’ हा निर्णय गॅरेजात ऐकावयास मिळतो. मग बोअर, पिस्टन, हेड असे सारेच खोलले जाऊन महिन्याची मिळकत एका दुरुस्तीत खर्ची पडते. वास्तविक अनेकदा दोष झडपयंत्रणेतील एखाद्या लहानशा भागात असतो आणि इंजिन न खोलता तो बऱ्याच अंशी ओळखता येतो. ही ओळख कशी करावी, याची माहिती वाहनधारकासही असणे हिताचे आहे.

झडपांचे कार्य

राजदूत, येझदी यांसारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या इंजिनात हेडमध्ये झडपा नव्हत्या. सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रांवाटेच वायूंची ये-जा होत असे. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 ही फोर-स्ट्रोक गाडी बाजारात आली. 1994 मध्ये तिच्या पाठोपाठ स्प्लेंडर आली आणि शंभर सीसीची फोर-स्ट्रोक इंजिने गावोगावी पोहोचली. त्यांच्याबरोबर झडपांची, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील व्हॉल्व्हची, निगाही आली.

अशा इंजिनात दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून पेट्रोल व हवेचे मिश्रण आत येते, तर दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर जातो. टायमिंग चेनने फिरणारा कॅम रॉकरला उचलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबून उघडतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा बंद करते. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. मिनिटाला सहा हजार फेरे या वेगाने हिशेब केला तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो व मिटतो. तेलाचा पातळ थर मध्ये नसेल, तर कॅम व रॉकर यांचे पृष्ठभाग किती लवकर झिजतील, हे यावरून ध्यानात येईल.

आवाजापेक्षा शांतता घातक

व्हॉल्व्हची दांडी तापल्यावर लांबते. त्यासाठी रॉकर व दांडी यांमध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. हीच ‘टॅपेट सेटिंग’ होय. शंभर सीसी वर्गातील इंजिनांत ही फट मिलिमीटरच्या पाच ते दहा शतांश भागांइतकी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी असते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा.

फट वाढली की टकटक आवाज येतो, मालक अस्वस्थ होतो आणि कारागीर त्याच्या समाधानासाठी टॅपेट घट्ट करून देतो. आवाज थांबतो खरा, परंतु येथेच मोठ्या नुकसानीची सुरुवात होऊ शकते. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, टेकलेला असताना हेडमध्ये उतरते. टॅपेट प्रमाणाबाहेर घट्ट असेल, तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. उष्णतेला वाट राहत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून जाते. किंचित आवाज करणारा व्हॉल्व्ह पुष्कळ दिवस चालेल, पण निःशब्द आणि घट्ट व्हॉल्व्ह हेड खोलावयास लावील, ही गोष्ट प्रत्येक वाहनधारकाने लक्षात ठेवावी.

खोलण्यापूर्वीची तपासणी

प्रथम आवाज ओळखावा. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरली असता आवाजाची जागा बरीचशी कळते. हलका, नियमित टकटक आवाज हेडमधून येत असेल, तर तो टॅपेटचा असण्याचा संभव अधिक. सिलिंडरच्या बाजूने खरखर येत असेल, तर टायमिंग चेन अथवा तिचा ताण देणारा भाग तपासावा. थंड इंजिनात येणारा व तापल्यावर कमी होणारा जड ठोका बहुधा पिस्टनचा असतो.

दुसरी खूण धुराची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळसर धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे ऑईल सील किंवा गाईड झिजले असावेत. चढावर, ओझे असताना धूर सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगांकडे लक्ष द्यावे.

तिसरी खूण कॉम्प्रेशनची. किक हलकी लागत असेल, तर आधी टॅपेटची फट योग्य करून घ्यावी. त्यानंतरही फरक न पडल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा किक मारून पाहावी. कॉम्प्रेशन वाढले तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. न वाढले तर व्हॉल्व्ह गळत आहेत, असा तर्क करण्यास हरकत नाही.

टॅपेटची फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावी. चुंबकचक्रावरील ‘टी’ ही खूण जुळवावी आणि दोन्ही रॉकर हाताला किंचित सैल लागतात ना, हे पाहावे. सैल नसतील तर चक्र आणखी एक पूर्ण फेरा फिरवावे. नंतर फिलर गेजची पट्टी किंचित अडखळत सरकेल, इतकी फट ठेवून लॉक नट आवळावा व पुन्हा एकदा मोजावे.

फट बरोबर असूनही आवाज कायम राहिला, तर रॉकरच्या स्क्रूचे टोक पाहावे. तेथे खड्डा पडला असल्यास सपाट पट्टी खड्ड्यावरून सरकते आणि खरी फट मोजलीच जात नाही. सेटिंग करूनही फट पुन्हा पुन्हा वाढत असेल, तर कॅम किंवा रॉकर झिजत आहे असे समजावे. उलट ती पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल बसत चालला आहे आणि हेड खोलणे टाळता येणार नाही.

दुरुस्ती कशी असावी

कॅमचा उंचवटा मायक्रोमीटरने मोजून पुस्तिकेतील मर्यादेशी ताडावा. झिजलेला कॅम व्हॉल्व्हला पुरेसा उचलत नाही, आणि ही उणीव टॅपेट सेटिंगने भरून निघत नाही. कॅम व रॉकर यांचे पृष्ठभाग वरच्या वर कठीण केलेले असतात. ते पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्यास तो कठीण थर जातो व झीज अधिकच वेगाने होते. खड्डे पडलेला रॉकर नव्या कॅमवर बसवू नये. हे दोन्ही भाग शक्यतो जोडीने बदलावेत.

व्हॉल्व्ह गाईडमध्ये हलत असेल, तर केवळ नवा व्हॉल्व्ह टाकून भागत नाही. गाईड बदलावा लागतो आणि गाईड बदलला की सीटही नव्याने कापून घ्यावी लागते, कारण दोघांचा मध्य एकच असावा लागतो. व्हॉल्व्ह पेस्टने घासल्यावर सीटवर सर्वत्र सारख्या रुंदीचा, अखंड करडा पट्टा दिसला पाहिजे. व्हॉल्व्ह बसवून हेडच्या मार्गात रॉकेल ओतावे. ते सीटजवळून झिरपले, तर काम अपुरे आहे. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये.

जोडणी करताना कॅमच्या चकतीवरील खूण हेडवरील खुणेशी जुळवावी, कॅमला तेल लावावे आणि किक मारण्यापूर्वी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे. खूण चुकली असेल, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो.

एका इंजिनाचा नियम दुसऱ्यास लावू नये. बुलेटच्या जुन्या लोखंडी सिलिंडरच्या इंजिनात टॅपेट खालच्या बाजूस असतात आणि थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये, असे सेटिंग करतात. त्यानंतर आलेल्या यूसीई इंजिनात तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असल्याने असे सेटिंग करावेच लागत नाही.

झिजेचे मूळ

शंभर सीसीच्या इंजिनात तेल जेमतेम लिटरभर असते. ते तळातून वर चढून कॅमपर्यंत पोहोचते. म्हणून तेल कमी पडले की पहिला फटका हेडला बसतो. तेलाची पातळी आठवड्यातून एकदा पाहणे, ते ठरल्या अंतराला बदलणे आणि धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर वेळीच स्वच्छ करणे, एवढ्याने ही झीज पुष्कळच लांबणीवर पडते.

ग्रामपंचायतीच्या वा कार्यालयाच्या वाहनाची नोंदवही असल्यास तीत तेल बदलल्याची तारीख व टॅपेटची मोजलेली फट लिहून ठेवावी. फट वाढत आहे की घटत आहे, हे त्या दोन-चार नोंदींवरूनच कळते. दुरुस्तीनंतर काढलेले जुने भाग मागून घ्यावेत आणि ते का बदलले, हे कारागिरास विचारावे. गावातील औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्या तरुणाने फिलर गेज व मायक्रोमीटर वापरण्याची सवय ठेवली, तर गाडीवर पोट असलेल्या अनेक कुटुंबांचा अनावश्यक खर्च वाचेल. मोजून केलेली दुरुस्ती हीच स्वस्त दुरुस्ती होय.