काळ्या पाषाणाखालचं गोंडवन

अकोल्यात जठारपेठेत बोअर मारला की आधी काळी माती, मग मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. मधूनमधून तांबडा पातळ थर येतो, पुन्हा पाषाण. त्या पाषाणाच्या तळाशी एका फुटलेल्या महाखंडाचा तुकडा आहे. तो खंड माणसाला उमगायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि त्या शोधातले सुरुवातीचे काही धागे विदर्भातले आहेत.

1872 मध्ये हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने मध्य भारतातल्या कोळसा असलेल्या खडकांना गोंड राजांच्या मुलखावरून ‘गोंडवन’ नाव दिलं. 1875 मध्ये फ्रान्सिस फेडनने चंद्रपूरजवळच्या इरई इथल्या चुनखडीवर हिमनदीने ओढलेले ओरखडे नोंदवले. हिमनदी, आणि चंद्रपुरात! तशाच खुणा आणि ग्लोसोप्टेरिस या झाडाची तशीच पानं दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातही मिळाली होती, पुढे दक्षिण अमेरिकेतही मिळाली. एडवर्ड स्यूसने 1885 मध्ये अशा काही भूभागांचा मिळून एक खंड मानला आणि त्याला गोंडवनाचंच नाव दिलं. मधली जमीन समुद्रात बुडाली, असं मात्र त्याला वाटत होतं. खंड सरकले, हे आल्फ्रेड वेगेनरने 1912 मध्ये मांडलं. पण सरकवणारी शक्ती त्याला दाखवता आली नाही आणि बहुतेकांनी त्याचं म्हणणं फेटाळलं.

त्याच्या बाजूने साक्ष दिली ती काळ्या पाषाणाने. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. 1950 च्या दशकात ब्रिटनमधल्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दख्खनच्या पाषाणातली ती दिशा मोजली. हा लाव्हा थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती!

पुढे कालक्रमही जुळत गेला. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी गोंडवन फाटू लागलं. 13 कोटींच्या सुमाराला अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया आपल्या भूमीपासून सुटले, पावणेनऊ कोटींच्या सुमाराला मादागास्कर. 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याने वऱ्हाड झाकलं आणि त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सही तुटलं. उत्तरेकडे निघालेली आपली भूमी वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगाने गेली. आशियाला धडकल्यावर तो वेग पाचच्या आसपास आला.

वऱ्हाडात हे झाकलेलं गोंडवन डोळ्यांनी पाहायचं तर मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला जावं. महाशिवरात्रीच्या यात्रेला तिथे हजारो जण जातात, पण त्या डोंगरात पाषाणाखालून गोंडवनाचे वाळूखडक उघडे पडले आहेत आणि त्यांच्यावरच्या लमेटा नावाच्या थरात डायनासोरची हाडं मिळाली आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गाविलगडाच्या डोंगररांगेच्या पायथ्याने गेलेल्या भेगेची उत्तर बाजू उचलली गेली, म्हणून गोंडवन तिथे दिसतं. दक्षिण बाजू खचली, पूर्णा नदीने तिथे गाळ भरला, आणि अकोल्याकडचं गोंडवन खालीच राहिलं.